ऊन पडल्यावर बंद झालेली वाट

निघताना

म्हसळ्याच्या बाजारात मी लोकरीचे जाड मोजे मागितले तेव्हा दुकानदार हसायलाच लागला. "बाई, आपल्याकडं मोजं कोन घालतंय? पाय उकडून निघतील," म्हणाला. तरी त्यानं शोधाशोध करून पोरांचे खेळायचे दोन जोड काढून दिले. त्याच्या बहिणीला मी चौथीत शिकवलं होतं, म्हणून एवढी तरी शोधाशोध. आमच्याकडे फेब्रुवारीतसुद्धा दुपारी पंखा लागतो. बर्फ आम्हाला माहीत तो मासळीच्या पेटीतला.

मी निघाले होते हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात, माझ्या मुलीकडे. सुजाता भूगर्भशास्त्र शिकली आणि तिकडच्या एका प्रकल्पात कामाला लागली. हिवाळाभर डोंगरउतारावरचा बर्फ तपासायचा, तो घसरून खाली येईल का याचा अंदाज करायचा आणि कुठल्या वाटेनं कधी जायचं ते गावकऱ्यांना सांगायचं, हे तिचं काम. पुस्तकात त्याला हिमस्खलन म्हणतात. हा शब्द मी कितीतरी वर्षं फळ्यावर लिहिला, पोरांकडून पाठ करून घेतला, पण तो बर्फ खाली येताना माणसं कुठे असतात हा विचार काही कधी केला नाही.

घरी या नोकरीचं कौतुक कुणालाच नव्हतं. आमचं गाव डोंगराच्या पायथ्याशी. आषाढ-श्रावणात पावसाचा जोर वाढला की सगळं गाव दरडीकडे कान लावून असतं. आणि ही बया तेच काम पगार घेऊन करते! त्यात अलिबागेत तिच्या शिक्षणाला साजेशी एक नोकरी निघाली होती. कामही दरडींचंच, पण नकाशांवर, खुर्चीत बसून. संध्याकाळी घरी नाही, तर निदान शनिवारी तरी घरी. उत्तर महिनाअखेरपर्यंत कळवायचं होतं. फोनवर ती नुसती "बघते, बघते" म्हणत होती, म्हणून मला पाठवायचं ठरलं. आमच्या ह्यांचे गुडघे एस.टी.ची पायरीसुद्धा चढू देत नाहीत, पण स्टँडपर्यंत आले आणि खिडकीतून म्हणाले, "नुसती भेटून येऊ नको. तिला घिऊनच ये."

"पोर हाय ती, पेटारा न्हाय," मी म्हटलं. पण मनात माझ्याही तेच होतं.

बोगद्याच्या पलीकडे

आगगाडी आणि बस यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, पाठ मोडली एवढंच. मनालीहून पुढे जीपमध्ये मात्र एक प्रकार घडला. मुलीसाठी मी वाळवलेल्या कोळंबीचे सोडे आणि सुकट घेतली होती, तीनदा कागदात गुंडाळून. जीपमधला हीटर सुरू झाला आणि सुकटीला कंठ फुटला. ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडून पाहिलं, चाकांखाली वाकून पाहिलं. शेजारचे गृहस्थ मफलर नाकावर ओढून बसले. मी खिडकीबाहेर बघत राहिले. शेवटी पिशवी टपावर गेली आणि पुढचा प्रवास आम्ही सगळ्यांनी मोकळा श्वास घेत केला.

मग तो लांबलचक बोगदा आला. अलीकडे देवदार होते, मातीचा रंग होता. पलीकडे बाहेर पडलो आणि सगळे रंग संपलेले. मला आधी सुंदर वगैरे काही वाटलं नाही. डोळे दुखले आणि पाणी आलं, ते बघून ड्रायव्हर म्हणाला, "माताजी, चश्मा लगाओ." गॉगल घातल्यावर मग डोंगर दिसायला लागले. आमच्या डोंगरांना झाडं असतात, त्यांना अंग असतं. हे डोंगर उघडे, आणि एवढे उभे की मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं.

सुजाता रस्त्यावर आली होती. गाल फुटलेले, ओठ काळवंडलेले, अंगावर दोन माणसांचे कपडे. मला मिठी मारली आणि लगेच म्हणाली, "आये, सुकट आणलीस ना? लांबूनच कळलं."

ती राहत होती डोलमाच्या घरात. डोलमा माझ्याच वयाची, रुंद चेहऱ्याची, बसल्या जागेवरून सगळं घर चालवणारी. घराच्या मधोमध पत्र्याची शेगडी, तिचं धुराडं छपरातून बाहेर गेलेलं. तिला ते तंदूर म्हणतात, आणि हिवाळ्यात सगळं घर त्या एका खोलीत येऊन राहतं. काठू नावाच्या काळपट धान्याची पोळी ती आमच्या घावनासारखी ओतून करायची. चहात मीठ आणि लोणी. पहिला घोट घेतल्यावर मी तो चहा नाही, सार आहे असं मनाला सांगितलं, तेव्हा कुठे गेला. देव्हाऱ्यात बुद्ध बघून मला आपल्या घरी आल्यासारखं वाटलं. आम्हीही बौद्ध. पण आमच्या विहारात पांढऱ्या भिंती आणि साधी वंदना, इथे भिंतभर रंग, तुपाचे दिवे आणि मंत्रांची चाकं. डोलमानं विचारलं, तुमच्याकडे लग्नाचा दिवस कोण काढतं? मी म्हटलं, "हमारे में मुहूर्त नहीं देखते. रविवार देखते हैं." ती पोट धरून हसली.

तिच्या घरी लग्नच होतं. तिच्या थोरल्या मुलाचं. मुलगी नाल्यापलीकडच्या वरच्या गावातली, आणि लामांनी दिवस काढून दिला होता.

पहिल्याच संध्याकाळी मी सुजाताजवळ अलिबागेचा विषय काढला. माझ्या पोटात काही राहत नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं, शेगडीत लाकूड सारलं आणि म्हणाली, "आये, हे लगीन पार पडू दे. मग सांगते."

उघडीप

दुसऱ्या दिवशीपासून बर्फ पडायला लागला. पाऊस पडतो तेव्हा कळतं, पत्र्यावर वाजतो, अंगणातून वाहतो. हा आवाज न करता पडत राहिला. घरातली माणसं आळीपाळीनं छपरावर जाऊन फावड्यानं बर्फ खाली लोटत होती. सुजाता आणि तिच्याबरोबर कामाला असलेला डोलमाचा भाऊ ताशी दिवसातून अनेकदा बाहेर जाऊन यायचे. नाल्याच्या वाटेच्या तोंडाशी त्यांनी दोरी बांधून तिला लाल फडकं लावलं होतं. नाला म्हणजे पाण्याचा ओहोळ नव्हे. डोंगराच्या माथ्यापासून नदीपर्यंत उतरलेली एक रुंद घळ, आणि वरचा बर्फ सुटला की याच घळीतून खाली येतो. वरच्या गावाला जायचं तर ती ओलांडावीच लागते.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी डोळे उघडले तर खिडकीत ऊन. आकाश असं निळं की बोटाला रंग लागावा. मी बाहेर आले आणि माझ्या अंगात कोकण संचारलं. आपल्याकडे पावसात चार दिवस घरात कोंडून काढल्यावर उघडीप मिळाली की काय होतं ते सांगायला नको. गोधड्या दोरीवर, पापड अंगणात, कुणी दवाखान्यात, कुणी बाजारात, खाडीपलीकडे आगरदांड्याला जाणारा जेटीकडे. उघडीप मिळाली की माणूस निघतो. मीही सुकट सुपात पसरून उन्हात ठेवली.

डोलमा दारात उभी राहून नाल्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काळजी. मला म्हणाली, "बहनजी, आपको क्या लगता है? कल बारात निकलेगी?"

मी काय बोलावं? माझी पोर त्या कामाची, मी तिची आई, आणि ऊन तर समोर दिसत होतं. म्हणाले, "अरे, अब काहे का डर? हमारे उधर ऐसा खुल गया तो आदमी एक मिनट घर में नहीं बैठता. बिनधास्त निकलो."

डोलमाचा चेहरा उजळला. तिनं आत जाऊन सगळ्यांना सांगितलं. वरच्या गावाला फोन गेला. ढोलवाल्यांना फोन गेला. दुपारी सुजाता आणि ताशी परत आले तेव्हा अंगणात लग्नाची धांदल उडालेली होती, आणि डोलमाच्या धाकट्या दिरानं नाल्याकडची दोरी सोडायला दोघांना पाठवलंही होतं.

सुजाता धावत गेली आणि त्यांना परत घेऊन आली. परतल्यावर तिनं अंगणात उभं राहून सगळ्यांदेखत सांगितलं, वाट बंद आहे, आजपासून जास्त बंद आहे.

"पर आपकी माताजी ने तो कहा," डोलमा म्हणाली.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सुजातानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "माझी आई समुद्राकाठची आहे. तिला बर्फातलं कळत नाही." हिंदीत म्हणाली, सगळ्यांना समजावं म्हणून.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. नऊवारी-पाचवारीतल्या चारचौघींत कुणी मला गप्प बसवलेलं नाही आजवर. डोलमा आत गेली. जेवताना तिनं माझ्या ताटात पोळी वाढली, पण नजर वर केली नाही.

खड्डा

दुसऱ्या दिवशी, ज्या दिवशी लग्न व्हायचं होतं त्याच दिवशी सकाळी, सुजाता म्हणाली, "चल, तुला दाखवते." मला वाटलं रुसवा काढायला बोलावतेय. तिनं माझ्या छातीवर एक लहान यंत्र पट्ट्यांनी बांधलं. मी पुरलीच बर्फाखाली, तर त्याचा आवाज दुसऱ्याच्या यंत्रात ऐकू येतो आणि कुठे खणायचं ते कळतं. आपल्या आईच्या अंगावर असली वस्तू बांधताना तिनं प्रत्येक पट्टा दोनदा ओढून बघितला.

गावामागे एक बुटका, कमी चढाचा उतार आहे. नाल्याच्या वरचा उतार ज्या दिशेला तोंड करून आहे त्याच दिशेला याचंही तोंड, म्हणून तिथला बर्फ वरच्यासारखाच, पण तिथे घसरायची भीती नाही. तिनं आणि ताशीनं छातीएवढा खोल खड्डा खणला आणि त्याची एक भिंत फावड्यानं चाकूनं कापल्यासारखी सरळ केली.

मला वाटलं होतं, बर्फ म्हणजे बर्फ. त्या भिंतीत थर होते. विहीर खणताना माती, मुरूम, खडक असे दिसतात तसे. वरचा हात-दीड हात नव्या बर्फाचा, वाऱ्यानं दाबून फळीसारखा घट्ट केलेला. आणि अगदी तळाशी राखाडी, दाणेदार काहीतरी. सुजातानं ते मूठभर काढून माझ्या हातात दिलं. मी मूठ वळली, तर ते बोटांतून सांडून गेलं.

"हे तर जाडं मीठ हाय," मी म्हटलं. पेणकडच्या मिठागरात रचलेल्या ढिगाचं मीठ असंच असतं, दाण्याला दाणा धरत नाही.

"बरोबर. हिवाळ्याच्या सुरुवातीला थोडाच बर्फ पडला आणि मग नुसती कोरडी थंडी. त्यात खालच्या बर्फाचं हे असं झालं. आता याच्यावर जड फळी येऊन बसलीय. फळी चांगली हाय, पाया मिठाचा हाय."

मग तिनं भिंतीतला एक चौकोनी खांब दोरीनं कापून मोकळा केला. त्याच्या डोक्यावर फावडं ठेवलं आणि मनगटातून हलकेच थापट्या मारायला लागली. आपण लहान मुलाला थोपटतो ना, तेवढ्याच. थोड्याच थापट्यांत वरचा सगळा ठोकळा त्या मिठावरून सरळ पुढे सरकला आणि माझ्या पायांवर येऊन पडला. मी दचकून मागे झाले. ताशी नुसता मान हलवत होता. लग्न त्याच्या भाच्याचं होतं.

"आणि ऊन?" मी विचारलं.

"बर्फ पडत असताना भीती असतेच. पण वर इतकं वजन बसलं की पहिलं कडक ऊन लागतं तेव्हा ते ढिलं होतं. सगळ्यात वाईट हाच दिवस. आपल्याकडं उघडीप पडली की दरडीची भीती कमी होते, म्हणून तू तसं बोललीस. मी पण पहिल्या वर्षी तसंच समजायची." मग जरा थांबून म्हणाली, "आता थंड रात्री जाऊ देत. वरचा बर्फ बसेल. मग पहाटेच्या गारठ्यात, ऊन यायच्या आधी, वाट अजून खाली नदीजवळ नेऊन बघू."

"आन तो पडलाच न्हाय तर? लोक हसतील तुला. लगीन मोडलं म्हनतील."

"हसू देत गो. हसायला असतील तरी."

ती फावडं झटकत होती. मला तिथे उभ्या उभ्या रडू आलं आणि ते मी गॉगलमागे लपवलं नाही. ही पोर पाचवीत असताना पालीला घाबरायची.

पांढरं वस्त्र

परत आल्यावर मी तडक डोलमाच्या चुलीशी गेले. माझं हिंदी आधीच लंगडं, त्यात माफी मागायची. "मैंने गलत बोला," म्हटलं. "हमारे यहाँ का हिसाब यहाँ लगाया. वर नमक है, नीचे नमक," असं काहीतरी बोलले, वर आणि खाली दोन्ही चुकवलं. शेवटी शेगडीजवळचा गार तवा घेतला, त्यावर जाडं मीठ पसरलं, वर पोळपाट ठेवला आणि तवा तिरका केला. पोळपाट घसरून डोलमाच्या मांडीवर गेला.

तिनं पोळपाट उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाली, तिच्या लहानपणी त्या नाल्यानं त्यांची मेंढरं नेली होती, आणि मेंढरांमागे गेलेला काका वसंतात सापडला. "मुझे मालूम है, बहनजी. पर बेटे की शादी थी, मैं सुनना चाहती थी कि रास्ता खुला है. आपने वही बोल दिया." तिनं मला खारट चहा ओतला. या खेपेला मी तो चहा म्हणूनच प्यायले.

ताशीनं लामांना फोन लावला. त्यांनी बरंच गणित करून पुढचा एक दिवस काढून दिला, आणि तो आधीच्यापेक्षाही चांगला निघाला. वरच्या गावातल्या व्याह्यांची थोडी कुरबुर झाली. तयार केलेलं जेवण दोन्ही गावांनी आपापल्या ठिकाणी खाल्लं. मी सोड्यांचं कालवण केलं, ते ताशी सोडून कुणी खाल्लं नाही.

मधल्या दिवसांत मी रोज नाल्याकडे बघायची. वरचा बर्फ काही पडला नाही. एकदा डोलमाचा दीर सुजाताला ऐकू जाईल असं म्हणाला, "गिरा तो कुछ नहीं." "नहीं गिरा, चाचाजी," ती म्हणाली आणि कामाला गेली. तिच्या जागी मी असते तर भांडले असते.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी पुन्हा खड्डा खणला. या वेळी मनगटाच्या थापट्यांना खांब दाद देईना. कोपरातून मारलं तरी उभा, खांद्यातून हाणलं तेव्हा मोडला, आणि तोही वेडावाकडा. सुजातानं घरी येऊन डोलमाला सांगितलं, पहाटे जायचं.

नवऱ्याच्या आईनं वरातीबरोबर जायची डोलमाच्या घराण्यात रीत नाही. ती घरी थांबून सुनेची वाट बघते. निघताना तिनं एक लांब पांढरं रेशमी वस्त्र माझ्या हातात दिलं, नवरीच्या आईच्या गळ्यात मानाचं म्हणून घालायला. ते मला दिलं. तिच्या स्वतःच्या जावा तिथे उभ्या होत्या.

नाल्यावर

उजाडत होतं. बर्फ दगडासारखा कडक झाला होता, पाय करकर वाजत होते. ढोलवाल्यांनी ढोल पाठीवर उलटे बांधले होते, नाला ओलांडेपर्यंत वाजवायचे नाहीत. वाट नदीच्या अंगाला, पार खालून आखली होती. ताशी सगळ्यात आधी पलीकडे गेला आणि तिथे उभा राहिला. अलीकडे सुजाता. एकानं जायचं, बाकीच्यांनी थांबायचं. जो चाललाय त्याच्यावरून आणि वरच्या उतारावरून या दोघांनी नजर हलवायची नाही. तो पोचला की ताशी हात वर करणार, मग पुढचा.

नवरा मुलगा गेला, जरीच्या टोपीसकट. मग एक म्हातारे काका, काठी टेकत, इतके हळू की मी त्यांची पावलं मोजायला लागले. मग माझी पाळी.

सुजातानं माझी टोपी कानांवर ओढली. "मधी थांबायचं न्हाय. वर बघायचं न्हाय, मागं बघायचं न्हाय. मी बघत्ये."

आपल्याकडे निरोप घेताना माणूस वळणापर्यंत चारदा मागे बघतो, आणि घरचे दारात उभे असतात. मी जन्मभर तेच केलं. त्या घळीत मी एकदाही मागे बघितलं नाही. खाली बघत, आधीच्यांच्या पावलांत पाय टाकत चालले. भीती वाटत होती, पण पाठीवर तिची नजर मला कळत होती. तिला चालायला शिकवताना मी अशीच तिच्या मागे उभी असायची, हात पुढे करून, न धरता.

पलीकडे पोचले आणि ताशीनं हात वर केला. आता वळायला हरकत नव्हती. मी वळले, हात हलवायला म्हणून उचललाही. सुजाताचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. तिनं पुढच्या बाईला निघायची खूण केली होती आणि आता तिची नजर त्या बाईच्या पाठीवर होती, मघाशी माझ्या पाठीवर होती तशीच. मी उचललेला हात खाली घेतला. मला वाईट वाटलं आणि अभिमानही वाटला, आणि दोन्ही एकदम कसं वाटतं ते मला सांगता येणार नाही.

तिथे फोनला रेंज होती. खिशात तो वाजायला लागला. आमचे हे, सकाळचा चहा झाल्याबरोबर.

"अगो, आज शेवटचा दिवस. अलिबागेला काय कळवू? विचारलंस का परत तिला?"

"न्हाय विचारलं."

"मग विचार की! हाय कुठं ती? दे तिला फोन."

मी पलीकडे बघितलं. बाई घळीच्या मध्यावर आली होती. तिच्यामागे काठावर माणसं रांगेत उभी होती, टोपल्या घेतलेली, मुलं पाठीला बांधलेली.

"अहो, अजून अर्धं वऱ्हाड पलीकडं हाय," मी म्हटलं. "तिला आत्ता हाक मारायची न्हाय."